यूआरएलमधल्या ‘स्लग’ला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न असा आलाय की जँगोमध्ये (वेबसाइट बनवायची पायथन भाषेतली चौकट) राउटिंगचे, म्हणजे कुठल्या पत्त्यावर कुठलं पान उघडायचं याचे, नियम कसे लिहायचे ते कुणीतरी मराठीत लिहून काढतंय आणि ‘स्लग’पाशी, म्हणजे पत्त्यातल्या लेखाच्या नावापाशी, गाडी अडलीय, डिक्शनरीत गोगलगाय सापडते, मग ‘लघुनाम’ किंवा ‘मथळा’ चालेल का.

गोगलगाय नकोच. हा स्लग छापखान्यातला, पेपरच्या ऑफिसातला. लायनोटाइपवर शिशाची अख्खी ओळ ओतून निघायची तिला स्लग म्हणायचे, आणि बातमी ओळखायला तिला एकदोन शब्दांचं कामचलाऊ नाव देतात तोही स्लग. आता जँगो कुठे तयार झाला बघा, अमेरिकेत कॅन्ससमधल्या लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड या पेपरच्या वेब टीममध्ये, २००५ साली तो सगळ्यांसाठी खुला झाला, म्हणजे हा शब्द त्यांच्या रोजच्या बोलण्यातलाच होता.

‘मथळा’ मला पटत नाही. मथळा उद्या बदलला तरी स्लग बदलायचा नसतो, नाहीतर जुन्या लिंका तुटतात. ‘लघुनाम’ वाचून लोकांना लघुरूप आठवणार. माझं स्पष्ट मत, ‘स्लग’च ठेवा, पुल्लिंगी, तो स्लग, स्लगला, स्लगमध्ये, आणि पहिल्यांदा येईल तिथे ‘म्हणजे पत्त्यातलं लेखाचं नाव’ एवढं जोडा.

‘मॅच होणे’ला मात्र ‘जुळणे’ हे छान क्रियापद आहे, ते बिनधास्त वापरा. ‘जँगो नियम वरून खाली बघत जातो आणि पहिला जुळला की थांबतो’, कुणालाही कळेल. याच कारणाने ‘लेख/<स्लग:नाव>/’ हा नियम वर आणि ‘लेख/न्यू/’ खाली ठेवला (पत्ता अर्थात रोमन अक्षरात) तर नवीन लेखाचं पान कधी उघडतच नाही, न्यू हाही स्लग म्हणून जुळतो, मग त्या नावाचा लेख शोधला जातो आणि ४०४, म्हणजे ‘पान सापडलं नाही’, येतो.

आणि हे तुमच्या लिखाणात यायलाच हवं, कारण वाचणारे मराठी साइटी बनवणार आहेत: नियमातल्या स्लगला फक्त रोमन अक्षरं, आकडे, हायफन आणि अंडरस्कोअर चालतात. देवनागरी पत्ता हवा असेल तर तिथे ‘एसटीआर’ (स्लॅश सोडून कुठलीही अक्षरं चालणारा प्रकार) घ्यावं लागतं किंवा स्वतःचा कन्व्हर्टर, म्हणजे पत्त्यातला तो तुकडा ओळखणारा कोड, लिहावा लागतो. मथळ्यावरून स्लग बनवणाऱ्या स्लगिफाय या फंक्शनला युनिकोड, म्हणजे रोमनबाहेरची अक्षरंही, चालू दे असं सांगितलं तरी ते मात्रा-वेलांट्या उडवतं, पायथनचा रेगेक्स (मजकुरातले नमुने ओळखायची पद्धत) त्यांना अक्षरात धरतच नाही ना, त्यामुळे ‘मराठी भाषा’चं ‘मरठ-भष’ होतं आणि ‘पुणे’चं चक्क ‘पण’. काना-मात्रा गेल्यावर शब्दच उरत नाही आपल्याकडे, म्हणून स्लग तयार करणारं फंक्शन मराठीसाठी वेगळं लिहा, मात्रांचा युनिकोड पट्टा राखून.