चर्चला न जाता ख्रिस्ती राहता येतं का?

येतं. श्रद्धेला कुणाची परवानगी लागत नाही. बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानात (६:६) येशू स्वतःच सांगतो की खोलीत जा, दार लाव आणि एकांतात प्रार्थना कर. चर्चवर चिडलेले लोक हे वचन हमखास पुढे करतात (मीही केलंय). पण त्याच पुस्तकात १८:२० मध्ये दोघं-तिघं माझ्या नावाने जमतात तिथे मी असतो, असंही आहे. शिवाय बाप्तिस्मा (पाण्याने ख्रिस्ती होण्याचा विधी) स्वतःच स्वतःला देता येत नाही, आणि प्रभुभोजन (येशूच्या आठवणीत भाकरी-द्राक्षारस घेणं) मुळात पंगतीतलंच.

माझ्या मते बहुतेकांचा राग येशूवर नसतो, संस्थेतल्या सत्तेवर असतो. सतराव्या शतकात क्वेकर या ख्रिस्ती पंथाने पगारी पाळक (धर्मगुरू), विधी, सगळं बाजूला सारलं. पण एकत्र जमून शांत बसणं काही सोडलं नाही.