जुना एक्स्चेंज सर्व्हर, तुटपुंजं बजेट: स्पॅम फिल्टर कुठला घ्यावा?

तुम्ही लिहिलंय की ऑफिस बावीस जणांचं आहे, कोपऱ्यात एक्स्चेंज २०१० चा (मायक्रोसॉफ्टचा, मेल सांभाळणारा) सर्व्हर चालतोय, सकाळी प्रत्येकाच्या इनबॉक्समध्ये चाळीस-पन्नास फालतू मेल असतात आणि नवा सर्व्हर यंदा मिळणार नाही असं मालकांनी स्पष्ट सांगितलंय. मी पुण्यात आणि आसपासच्या औद्योगिक वसाहतींत छोट्या ऑफिसांची नेटवर्कची कामं करतो. अगदी अशाच सर्व्हरपुढे बसून बऱ्याच रात्री काढल्यात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सगळ्यात आधी एक विनंती. त्या सर्व्हरवर नवीन काहीही इन्स्टॉल करू नका. "एक्स्चेंजसाठी स्वस्त अँटीस्पॅम" म्हणून मिळणारी बरीच सॉफ्टवेअर थेट त्याच्या पोटात शिरून बसतात. एखादं अडकलं की मेलच थांबतो, आणि १३ ऑक्टोबर २०२० ला सपोर्ट संपलेल्या प्रॉडक्टसाठी तुम्ही मदत मागणार कुणाकडे? त्यात आधीपासून असलेल्या फिल्टरवरही विसंबू नका. मायक्रोसॉफ्टने त्याच्या स्पॅम व्याख्यांचे अपडेट १ नोव्हेंबर २०१६ पासून बंद केलेत. त्यानंतरचं स्पॅम त्याला ओळखूच येत नाही.

फिल्टर सर्व्हरच्या पुढे, वेगळ्या मशीनवर बसवा. बाहेरचा मेल आधी तिथे येईल, चाळला जाईल आणि मगच आत जाईल. उद्या सर्व्हर बदललात तरी हे फाटक तसंच राहतं, म्हणजे आज घातलेले पैसे वाया जात नाहीत.

या फाटकाच्या, म्हणजे गेटवेच्या, कामासाठी मी स्वतः प्रॉक्समॉक्स मेल गेटवे हे सॉफ्टवेअर वापरतो. ओपन सोर्स आहे, डेबियन या लिनक्सवर चालतं, आत स्पॅम ओळखणारं स्पॅमअसॅसिन आणि व्हायरस शोधणारं क्लॅमएव्ही आहेत, आणि सगळं ब्राउझरमधून हाताळता येतं. सबस्क्रिप्शन घ्यायचंच म्हटलं तर ते सर्व्हरमागे असतं, मेलबॉक्समागे नाही. न घेताही चालतं, फक्त अपडेटसाठी नो-सबस्क्रिप्शन रेपॉझिटरी (अपडेटचा फुकट साठा) निवडावी लागते, नाहीतर अपडेट करताना एरर येत राहतो. मशीन म्हणाल तर एखादा जुना डेस्कटॉप पुरतो, पण रॅम ८ जीबी करा. क्लॅमएव्ही एकटंच एक जीबीच्या वर खातं. हार्ड डिस्क जुनी असेल तर एसएसडी टाका आणि मशीन यूपीएसवर ठेवा. पैसे खर्च करायचेत ते इथे. आरस्पॅमडी हा दुसरा स्पॅम फिल्टर त्याहून हलका आणि वेगवान आहे, पण तो नीट लावायला लिनक्सवर सराईत हात लागतो. तुमच्याकडे तसं कुणी नसेल तर त्या वाटेला जाऊ नका.

आता एक चूक, जी मी तीन ठिकाणी दुरुस्त केली आहे. फिल्टर लावला, एमएक्स रेकॉर्ड (आपल्या डोमेनचा मेल कुठल्या सर्व्हरकडे जायचा ते सांगणारी नोंद) बदलला, तरी स्पॅम तेवढंच. लोक फिल्टरला दोष देतात आणि दुसरा शोधायला लागतात. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! स्पॅम पाठवणाऱ्यांकडे तुमच्या सर्व्हरचा जुना आयपी पत्ता असतो. ते एमएक्स बघतच नाहीत, थेट तिथे पोर्ट २५ वर, म्हणजे मेल आत येण्याच्या दारावर, येऊन मेल टाकून जातात. फायरवॉलवर बाहेरून येणारं पोर्ट २५ फक्त गेटवेकडे वळवा आणि एक्स्चेंजला ते फक्त गेटवेकडूनच उघडं ठेवा. दुसरा, "बॅकअप" म्हणून लावलेला एमएक्स असेल तर तोही काढा. फिल्टर नसलेलं ते मागचं दार स्पॅमवाल्यांना आवडतं.

दुसरी महत्त्वाची गोष्ट, अस्तित्वात नसलेले पत्ते. सोडून गेलेल्या माणसांचे, कुणीतरी अंदाजाने बनवलेले, असे कितीतरी. ते मेल आधी घेऊन मग "पत्ता सापडला नाही" असं उत्तर पाठवलं, तर ते उत्तर ज्याचं नाव खोटं वापरलंय त्या तिसऱ्याच माणसाला जातं आणि आपलाच आयपी काळ्या यादीत (स्पॅम पाठवणाऱ्या आयपींच्या यादीत) अडकतो. प्रॉक्समॉक्समध्ये मेल घेण्याआधी आतल्या सर्व्हरला पत्ता विचारण्याची सोय आहे, पण त्यासाठी एक्स्चेंजने चुकीच्या पत्त्याला "नाही" म्हणायला हवं. एक्स्चेंज २०१० मध्ये अँटीस्पॅम एजंट आपणहून बसलेले नसतात, त्याच्यासोबत आलेली स्क्रिप्ट चालवून ते चालू करावे लागतात आणि मग रेसिपियंट फिल्टरिंग (नसलेल्या पत्त्यांचे मेल नाकारणं) सुरू करायचं. काही नवीन इन्स्टॉल करू नका असं मी वर म्हटलं, त्याला हा एकच अपवाद, कारण हे त्याचं स्वतःचंच आहे.

काळ्या याद्यांबद्दल थोडं. स्पॅमहाउससारख्या यादीला तुमचा गेटवे डीएनएसमधून (नावावरून आयपी पत्ता सांगणारी इंटरनेटची व्यवस्था) विचारतो. गेटवेवर ८.८.८.८ सारखा सार्वजनिक डीएनएस लावलेला असेल तर स्पॅमहाउस उत्तरात १२७.२५५.२५५.२५४ हा एररचा कोड देतं. सेटिंग ढिसाळ असेल तर गेटवे त्याचाच अर्थ "यादीत आहे" असा लावतो आणि चांगले मेलही परत जातात. गेटवेवरच अनबाउंड हा स्वतःचा डीएनएस सर्व्हर बसवा, दहा मिनिटांचं काम आहे. फुकट वापराच्या अटीही वाचा, व्यवसायासाठी त्या वेगळ्या आहेत. आणि जुन्या ब्लॉगवरून याद्यांची नावं उचलू नका. सॉर्ब्स ही एके काळची मोठी यादी जून २०२४ मध्ये बंद झाली, तरी तिचं नाव अजून सगळीकडे सापडतं.

एक अनुभव सांगतो. सुरुवातीच्या काळात एका कारखान्यात मी फिल्टरला स्पॅम सरळ डिलीट करायला सांगितलं होतं. एका ग्राहकाने सुधारित ड्रॉइंग पाठवली, झिप फाइल, मजकूर एका ओळीचा. ती डिलीट झाली. जुन्या ड्रॉइंगवरच माल निघाला. तेव्हापासून मी काहीही डिलीट करत नाही, क्वारंटाइनमध्ये, म्हणजे बाजूला अडवून, ठेवतो. फिल्टर प्रत्येक मेलला स्पॅमपणाचे गुण देतो, त्यात मर्यादा ५ गुणांची, आणि प्रत्येकाला रोज सकाळी अडवलेल्या मेलची यादी जाते. तुमच्या ऑफिसात ही यादी गांभीर्याने बघणारं एक तरी माणूस नेमा, अकाउंट्सवाल्या ताई असतील तर उत्तम. स्पॅमअसॅसिनचा शिकणारा भाग २०० चांगले आणि २०० वाईट मेल दाखवेपर्यंत गप्प असतो, त्यामुळे पहिले काही आठवडे धीर धरावा लागेल. ग्रेलिस्टिंगमुळे (अनोळखी सर्व्हरला आधी "थोड्या वेळाने या" म्हणणं) अनोळखी ठिकाणचा पहिला मेल काही मिनिटं उशिरा येतो. बँकेचा ओटीपी मेलवर येत असेल तर त्या डोमेनला सूट द्या.

जाणारे मेलही याच गेटवेतून पाठवा. एक्स्चेंज २०१० ला डीकेआयएम सही (मेल खरोखर आपल्याच डोमेनचा आहे हे दाखवणारी) स्वतः करता येत नाही, गेटवे ती करतो. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहूने पाठवणाऱ्यांसाठी नियम कडक केलेत, त्यामुळे एसपीएफ (आपल्या डोमेनच्या नावाने कुठले सर्व्हर मेल पाठवू शकतात याची नोंद) आणि डीकेआयएम दोन्ही करून घ्या.

रोज पंधरा मिनिटं देणारं कुणीच नसेल, तर मात्र हे सगळं करू नका. मेलबॉक्समागे पैसे घेणारी क्लाउड फिल्टरिंग सेवा घ्या. कोटेशन मागवताना बावीस माणसांचे बावीसच मेलबॉक्स मोजा. सेल्स, इन्फो असे पत्ते बहुतेकांकडे उपनावं म्हणून धरले जातात, आधी विचारून घ्या. पोर्ट २५ चा नियम तिथेही तोच, फक्त गेटवेच्या जागी त्यांचे आयपी.

एवढं सगळं केलं तरी "आमचा बँक खाते क्रमांक बदललाय" असा साध्या, स्वच्छ भाषेतला मेल कुठलाही फिल्टर खात्रीने अडवत नाही. खातं बदलायचं असेल तर आपल्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर फोन करूनच, हा नियम मालकांकडून लेखी घ्या. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. आणि त्या एक्स्चेंजचं वेबमेल इंटरनेटवर उघडं असेल तर ते आजच व्हीपीएनच्या आड न्या. स्पॅमपेक्षा मला त्याचीच जास्त काळजी वाटते, आणि फिल्टर त्यासाठी काहीच करत नाही.

बदल शनिवारी दुपारनंतर करा. आदल्या दिवशी एमएक्सचा टीटीएल (इतरांनी जुनी नोंद किती वेळ लक्षात ठेवायची ती मुदत) ३०० सेकंदांवर आणून ठेवा, म्हणजे काही बिघडलं तर मागे फिरणं सोपं. अडकलात तर गेटवेच्या लॉगमधल्या त्या मेलच्या ओळी, पत्ते झाकून, इथे टाका. मी बघेन.