मेंदू पाठ करायला बसू नको, आधी नारळ सोल

अरे मेडिकलच्या पहिल्या वर्षाला न्यूरोअ‍ॅनाटॉमीने, म्हणजे मेंदूच्या रचनेच्या अभ्यासाने, सगळ्यांचीच वाट लागते, माझीपण लागलेली, त्यामुळे घाबरू नको. नावं घोकायला लगेच बसू नको. आईला विचारून एक नारळ फोड, करवंटी म्हणजे कवटी समज आणि खोबऱ्याच्या पाठीला ती तपकिरी साल चिकटलेली असते ना, विळीवर काढताना जीव जातो बघ, तसं पाया मॅटर, म्हणजे मेंदूवरचं सगळ्यात आतलं आवरण, मेंदूला घट्ट चिकटून प्रत्येक घडीत आत जातं. ड्युरा, म्हणजे सगळ्यात बाहेरचं आवरण, मात्र जाड, वरून नुसतं ताणलेलं. पाणी मात्र नारळात आत असतं, इथे मेंदूच्या आतही आणि बाहेरही, साधारण १५० मिली, त्यात जवळजवळ १४०० ग्रॅमचा मेंदू असा तरंगतो की वजन ५० ग्रॅमच्या आसपासच भासतं!

मग डेव्हलपमेंट, म्हणजे गर्भात मेंदू कसा तयार होतो ते, वाच, बरेच जण ती शेवटी ठेवतात आणि तिथेच फसतात. चौथ्या आठवड्यात न्यूरल ट्यूब, म्हणजे जिच्यापासून मेंदू बनतो ती नळी, बंद होते, पुढे तिला तीन फुगे येतात, त्यांचे पाच होतात, एवढं स्वतःच्या हाताने दहा वेळा काढलंस की व्हेंट्रिकल, म्हणजे मेंदूतल्या पोकळ्या, कुठून आले ते आपोआप कळतं.

हिप्पोकॅम्पस हा मेंदूचा आतला भाग, नावाचा अर्थ समुद्रघोडा, कापून बाहेर काढला की तसाच दिसतो, आठवणी पक्क्या करायचं काम त्याचं. लहान मेंदूचं काम, म्हणजे तोल सांभाळणं, बघायचं तर जेटीवर जा, हलत्या होडीत उभं राहून जाळं ओढणारा माणूस बघ.

आणि हो, डिसेक्शनच्या, म्हणजे मृतदेह कापून शिकायच्या, दिवशी डब्यात बांगडा नेऊ नकोस, फॉर्मॅलिनच्या वासाने घास उतरत नाही.