डेबियनमध्ये बग नोंदवण्यापूर्वी

तुम्ही डेबियन ही लिनक्स प्रणाली वापरायला नुकतीच सुरुवात केली आहे, म्हणून आधीच सांगतो: प्रोग्रॅम बिघडला की लगेच तो काढून पुन्हा बसवू नका, कारण त्यात बिघाडाचा मागच पुसला जाऊ शकतो. प्रथम एपीटीची, म्हणजे पॅकेजे (प्रोग्रॅम आणि त्यांचे भाग) बसवणाऱ्या साधनाची, हिस्टरी लॉग फाइल उघडा. कोणते पॅकेज कधी आणि कोणत्या आवृत्तीवरून कोणत्या आवृत्तीवर गेले, हे तिथे नोंदलेले असते. एका अपग्रेडनंतर माझ्या एडिटरमध्ये ‘दुसऱ्या’ या शब्दातला ‘ऱ्या’ तुटलेला दिसू लागला, तेव्हा मी दोन दिवस एडिटरलाच दोष देत बसलो होतो; लॉग पाहिल्यावर कळले की एडिटर होता तसाच होता, बदलली होती ती अक्षरे जोडणारी लायब्ररी, म्हणजे अनेक प्रोग्रॅम मिळून वापरतात तो भाग.

बगच्या नोंदणीसाठी रिपोर्टबग हे डेबियनचे साधन वापरा. ते पॅकेजची आवृत्ती आणि ते पॅकेज ज्यांवर अवलंबून आहे त्या पॅकेजांची यादी आपण होऊन जोडते, शिवाय आधीच्या तक्रारीही दाखवते. त्या कंटाळा न करता वाचा. तुमची प्रणाली मराठीत असेल, तर संदेशांची भाषा ठरवणाऱ्या ‘एलसी ऑल’ (LC_ALL) या सेटिंगला ‘सी’ (C) हे मूल्य देऊन तीच कमांड पुन्हा चालवा, म्हणजे त्रुटीसंदेश मूळ इंग्रजीत येईल, आणि तो स्वतःच्या शब्दांत न सांगता जसाच्या तसा चिकटवा. बगचे गांभीर्य बहुतेक वेळा ‘नॉर्मल’च (सामान्य) असते, ‘ग्रेव्ह’ (अतिगंभीर) निवडण्याचा मोह मलाही झाला होता. पाठवण्यापूर्वी जोडलेल्या कॉन्फिग (सेटिंग्जच्या) फाइलीत पासवर्ड नाही ना, हे मात्र नक्की तपासा, कारण नोंद तुमच्या ईमेल पत्त्यासह सर्वांना दिसते.