मिश्र भाजीपाल्यात सगळंच तण काढून टाकावं का?

आठ-दहा भाज्या एकत्र घेताय आणि वाफे चकाचक ठेवावेत की थोडं तण चालेल, असं विचारलंय. मी आधी चकाचकच ठेवायचो. आता ठेवत नाही. पण म्हणून रान मोकळं सोडलंय असंही नाही.

माझं मत बदललं ते घोळ या जमिनीलगत पसरणाऱ्या तणामुळे. टोमॅटोच्या एका वाफ्याची खुरपणी राहून गेली आणि खाली घोळ पसरली. भर दुपारी ती हाताने बाजूला सारली, तर माती थंड, ओलसर, बोटांत सहज भुगा होणारी. वीतभर पलीकडे उघड्या जागेत पापुद्रा धरून भेगा पडलेल्या. टोमॅटो तोवर गुडघाभर झाले होते, त्यांना तिचा काहीच त्रास नव्हता.

वेळ हीच खरी गोष्ट. पहिले महिना-सव्वा महिना पीक स्वच्छच हवं. रोपं लावलेल्या टोमॅटो-मिरचीने एकदा सावली धरली की बुटकं तण चालतं. कांदा आणि गाजरात मात्र हा लाड नको. त्यांची पात जमीन झाकतच नाही, तण डोक्यावर बसतं.

दुसरा फायदा फुलांचा. बांधावर एकदांडीसारखं फुलणारं तण असू द्या. मावा, म्हणजे रस शोषणारी बारीक कीड, खातात त्या सिरफिड माशीच्या अळ्या, पण प्रौढ माशी मध-परागावर जगते. फुलंच नसतील तर ती तुमच्याकडे कशाला येईल? मावा खाणाऱ्या ढालकिड्याची (लेडीबर्ड) अळीही ओळखून ठेवा: काळी, खरबरीत, नारिंगी ठिपक्यांची. मी पहिल्या वर्षी कीड समजून कितीतरी चिरडल्या, अजून चुटपुट लागते.

हरळी, लव्हाळा आणि गाजरगवत यांना दयामाया नाही. पहिली दोन जमिनीखालून पसरतात, तिसऱ्याने अंगाला खाज सुटते. केनाही काकडीवर्गाजवळ ठेवत नाही, पानांवर चट्टे पाडणाऱ्या मोझॅक रोगाचा विषाणू त्यात तग धरतो.

बाकीचं तण फुलावर आलं, बी धरायच्या आत, की विळ्याने बुडाशी कापून तिथेच अंथरा. मुळं जमिनीतच कुजू द्या. घोळ मात्र अशी टाकू नका. ओल्या वाफ्यात ती पुन्हा मुळं धरते, आणि उपटल्यावरही तिच्या बोंडांत बी पिकतं. ती पाटीत भरून थेट बाहेर न्या, कोवळी असेल तर भाजीला.