यंत्र नाही, तरी प्रोजेक्ट करू द्या

प्रश्न : मुलगा लातूरला एमएस्सी फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. ‘सुपरकंडक्टिंग सिंगल फोटॉन डिटेक्टरचं मॉडेलिंग’ असा प्रोजेक्ट घेतलाय. कॉलेजात असलं यंत्रच नाही, सगळं कॉम्प्युटरवर. याला पुढे कोण विचारणार? त्यापेक्षा सॉफ्टवेअरचा कोर्स लावू का? – एक पालक

उत्तर : कोर्सचे पैसे तूर्त राहू द्या. हा डिटेक्टर म्हणजे प्रकाशाचा एकेक कण (फोटॉन) टिपणारं यंत्र. ते चालतं उणे २७० अंश सेल्सिअसच्या आसपास. तेवढ्या थंडीची सोय साध्या कॉलेजात नसणारच.

यात असते नायोबियम नायट्राइडची जेमतेम ५ नॅनोमीटर जाडीची नागमोडी तार. प्रकाशाचा एक कण पडला की तेवढ्या जागी अतिवाहकता, म्हणजे विनारोध वीज वाहण्याचा गुण, मोडते, रोध उभा राहतो आणि प्रवाह बाजूच्या ५० ओहमच्या वाटेला वळतो. तोच सिग्नल. मॉस्कोच्या गटाने २००१ मध्ये हे दाखवलं. तारेचं इंडक्टन्स (प्रवाहातल्या बदलाला होणारा विरोध) ५०० नॅनोहेन्री धरा, ५०ने भागा : १० नॅनोसेकंद. प्रवाह पूर्ववत व्हायला लागणाऱ्या वेळेचं हे माप.

आता मुलाला जेवताना विचारा, ‘मग ५०चे ५०० ओहम करून डिटेक्टर दसपट वेगवान का करत नाहीत?’ तार थंड व्हायच्या आत प्रवाह परततो आणि ती तापलेल्या अवस्थेतच अडकते, याला लॅचिंग म्हणतात, असं काही तो बोलला तर निश्चिंत राहा. ‘कोड सरांनी दिलाय’ एवढंच म्हणाला, तर काळजी करा! सर्किट कॉम्प्युटरवर चालवून बघायचं एलटीस्पाइस हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, सर्किटचा भाग घरीही करता येतो. फक्त आपले आकडे प्रसिद्ध झालेल्या मोजमापांशी ताडून बघायला सांगा. नुसत्या रंगीत आलेखांवर मुलाखत निघत नाही.

विचारणारे आहेत. मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेत नायोबियम नायट्राइडच्याच पातळ थरांवर संशोधन होतं. २०२३ च्या राष्ट्रीय क्वांटम मिशनमधलं सेन्सिंगचं (सूक्ष्म मोजमापांचं) केंद्र आयआयटी मुंबईत आहे. पण वाट पीएचडीची, म्हणजे पाचेक वर्षांची. नेट परीक्षेतून जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर सुरुवातीला महिना ३७ हजार. घरात लगेच कमाईची निकड असेल तर मुलाला तसं स्पष्ट सांगा, आडून नको. तेव्हाही पायथॉनमध्ये उष्णतेची समीकरणं सोडवलेला मुलगा कोर्सवाल्यांच्या मागे पडत नाही.

गेट आणि जेस्ट या प्रवेश परीक्षांचे फॉर्म मात्र यंदाच भरायला लावा. ‘आधी प्रोजेक्ट संपू दे’ म्हणेल, ऐकू नका.