भूऔष्णिक विजेत जायचंय? मग आधी भूभौतिकी शिका

प्रश्न : माझी मुलगी बारावी सायन्सला आहे, गणित घेतलंय. आमच्या जवळच्या तुरळच्या गरम पाण्याच्या कुंडावरून तिच्या डोक्यात बसलंय की जमिनीतल्या उष्णतेपासून वीज करण्याच्या क्षेत्रातच जायचं. ‘तुरळला वीज का करत नाहीत?’ हा तिचा नेहमीचा प्रश्न. तिचे बाबा म्हणतात, मुकाट्याने कॉम्प्युटर घे. बारावीनंतर लगेच करता येणाऱ्या एका खासगी ‘जिओथर्मल’ डिप्लोमाची जाहिरात सोबत पाठवत आहे. तो करावा का? आणि मुलीला हे रानोमाळ हिंडण्याचं काम झेपेल का?
– एक आई, संगमेश्वर तालुका

ताई, नमस्कार.

जाहिरात वाचली. हा डिप्लोमा घेऊ नका. भूऔष्णिक प्रकल्पावर ‘भूऔष्णिक’ नावाची पदवी बघून कुणाला घेत नाहीत. तिथे भूशास्त्रज्ञ लागतो, भूभौतिकी (मोजमापांवरून जमिनीखालचं ओळखण्याचं शास्त्र) जाणणारा लागतो, विहीर खोदणारा ड्रिलिंग इंजिनिअर लागतो, टर्बाइन सांभाळणारा मेकॅनिकल इंजिनिअर लागतो. यातलं एक काम पक्कं यायला हवं.

बाबांची काळजी रास्त आहे, ती उडवून लावू नका. केनियात ओल्कारियाच्या परिसरातल्या केंद्रांमुळे देशाची जवळपास निम्मी वीज जमिनीखालच्या उष्णतेतून येते. आपल्याकडे मात्र व्यापारी तत्त्वावर चालणारं केंद्र अजून उभं राहिलेलं नाही. लडाखमधल्या पुगा खोऱ्यातल्या भूऔष्णिक प्रकल्पासाठी ओएनजीसी या सरकारी तेल कंपनीने २०२१ मध्ये करार केला, २०२५ मध्ये केंद्र सरकारचं भूऔष्णिक धोरणही आलं. म्हणजे सुरुवात आहे, पण नोकऱ्यांची रांग लागलेली नाही. म्हणूनच मी असं शिक्षण सुचवतो, ज्यावर तेल, खनिजं, भूजल, भूकंप या क्षेत्रांतही पोट भरेल.

तुमच्या मुलीचा प्रश्न मला फार आवडला, त्याचं उत्तर तिला वाचून दाखवा. कोकणातल्या कुंडांखाली ज्वालामुखी नाही. पावसाचं पाणी खडकांतल्या भेगांमधून खोल जातं, तिथे तापतं आणि वर येतं. दर किलोमीटरला तापमान साधारण २५ ते ३० अंशांनी वाढतं. वर येईपर्यंत पाणी उकळीच्या बरंच खाली असतं, त्यामुळे थेट वाफेवर टर्बाइन फिरवता येत नाही. पण दुसरी युक्ती आहे. त्या पाण्याने कमी तापमानाला उकळणारा दुसरा द्रव तापवायचा, त्याच्या वाफेवर टर्बाइन फिरवायचं आणि पाणी पुन्हा जमिनीत सोडायचं. याला बायनरी पद्धत म्हणतात. अलास्कातल्या चेना इथे २००६ पासून अवघ्या ७४ अंशांच्या पाण्यावर अशी वीज होते. तिथे ती वाफ परत थंड करायला बर्फासारखं गार पाणी हाताशी आहे. आपल्या दमट, उष्ण हवेत गरम आणि गार यांतला फरक कमी पडतो, म्हणून वीजही कमी मिळते. खोल विहीर घेऊन जास्त गरम पाणी मिळालं तर गणित बदलेल. पण पाणी नेमकं कुठे आहे हे न कळता विहीर खोदणं म्हणजे पैसा पाण्यात, कारण प्रकल्पाचा मोठा खर्च ड्रिलिंगवरच होतो.

आणि ‘नेमकं कुठे’ हे सांगणारं शास्त्र म्हणजे भूभौतिकी, इंग्रजीत जिओफिजिक्स. मुलीला गणित आवडत असेल तर माझा कौल याला. मॅग्नेटोटेल्युरिक नावाची एक पद्धत आहे. माळावर इलेक्ट्रोड पुरायचे, चुंबकीय कॉइल गाडायच्या, यंत्र रात्रभर सोडायचं आणि पृथ्वीचे नैसर्गिक विद्युत-चुंबकीय बदल नोंदवायचे. गरम, क्षारयुक्त पाण्यातून वीज सहज वाहते, म्हणून तो भाग आकडेवारीत वेगळा उमटतो. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने (एनजीआरआय) पुग्यात असंच सर्वेक्षण केलं होतं. बाबांना हेही सांगा की त्या नोंदींतून जमिनीखालचं चित्र काढायचं काम शेवटी कॉम्प्युटरवरच होतं. प्रोग्रॅमिंग तिला शिकावंच लागेल.

झेपेल का, याबद्दल : १९८३ च्या भारतीय मोहिमेत अंटार्क्टिकावर गेलेल्या पहिल्या दोन स्त्रियांपैकी सुदीप्ता सेनगुप्ता भूशास्त्रज्ञ होत्या, दुसऱ्या आपल्या नागपूरच्या अदिती पंत. काम कष्टाचं आहे, महिनाभर तंबूत राहावं लागू शकतं. त्याची तयारी तिची आहे का, एवढंच विचारा.

आता वाट. जेईई ॲडव्हान्स्ड चांगली गेली तर धनबाद, खरगपूर किंवा रुरकीच्या आयआयटीत भूभौतिकीचे अभ्यासक्रम आहेत. नाही जमलं तर हिरमुसू नका. बीएस्सीला भौतिकशास्त्र आणि गणित घ्यावं, जिऑलॉजी जोडीला मिळाली तर उत्तम (पुण्यात फर्ग्युसनला तो विभाग आहे). मग जॅम ही एमएस्सीची प्रवेश परीक्षा देऊन आयआयटी मुंबईत ॲप्लाइड जिओफिजिक्सची एमएस्सी. पुढे यूपीएससीच्या जिओ-सायंटिस्ट परीक्षेतून भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण (जीएसआय) किंवा भूजल मंडळ, नाहीतर ओएनजीसीची भरती. काही वर्षं नोकरी झाल्यावर आइसलँडमधलं सहा महिन्यांचं भूऔष्णिक प्रशिक्षण आहे. ते विकसनशील देशांत या क्षेत्रात आधीच काम करणाऱ्यांसाठी असतं, त्यामुळे आत्ता त्याच्यामागे धावू नये.

एक ठिकाण तुमच्याकडून घाट चढला की आहे. कोयनेच्या भूकंपांच्या अभ्यासासाठी कराडला केंद्र सरकारची बोअरहोल जिओफिजिक्स प्रयोगशाळा आहे, आणि त्या प्रकल्पात दख्खनच्या बेसाल्टखालच्या (लाव्हापासून बनलेल्या काळ्या कातळाखालच्या) खडकात तीन किलोमीटरची विहीर घेतली गेली आहे. बारावीची परीक्षा झाली की प्रयोगशाळेला पत्र लिहून भेटीची परवानगी मागा. बाबांनाही सोबत न्या.